लाईन गेली त्या दुपारचं कार्ड

माय, काल दुपारी निकाल आला आणि मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले, मॅडमना काय झालं म्हणून. पन्नाशी उलटलेली बाई, चष्मा डोक्यावर, हातात कागद, आणि टाळ्या पिटते आहे. निकाल काय होता सांगू? सव्वीस दिवसांच्या एका पोरीला दुर्मिळ आजार आहे, नक्की आहे, असा. तू असतीस तर म्हणाली असतीस, लेकराले आजार निंगाला अन् तू नाचून राहिली, लाज नाही वाटत का? वाटते, थोडी वाटते. पण आधी सगळं ऐकून घे, मग बोल. तुला जाऊन बावीस वर्षं झाली, त्यामुळे या खेपेला तुला मध्ये तोंड घालता येणार नाही. इतकं सलग बोलायला मला तुझ्यासमोर कधी मिळालंच नव्हतं.

तू मोर्शीच्या बाजारात भाजी विकताना गिऱ्हाइकांना सांगायचीस, माही पोरगी अमरावतीले रक्त पाहते. अजूनही मी रक्तच पाहते, फक्त आता ते नुकत्याच जन्मलेल्या लेकरांचं असतं. लेकरू तीन दिवसांचं झालं की त्याच्या टाचेला बारीक टोचतात, आणि जाड कागदाच्या कार्डावर छापलेल्या गोलांमध्ये रक्ताचे थेंब उतरवून घेतात. कार्ड वाळलं की पाकिटातून आमच्याकडे येतं. हजारांत नाही, कितीतरी हजारांत एखाद्या लेकराला असे आजार असतात, की ते जन्मताना गोरंगोमटं दिसतं, दूध पितं, हसतं आणि मग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी झटके येऊ लागतात. तेव्हा धावपळ करून उपयोग कमी. त्या थेंबात ते आधीच कळतं. निदान कळायला हवं. माझं काम पुढचं आहे. ही तपासणी खरं किती बोलते, आपल्या वऱ्हाडाच्या उन्हात बोलते का, हे मी आणि माझी माणसं दोन वर्षं अमरावतीच्या एका आणि अकोल्याच्या एका दवाखान्यातली कार्डं घेऊन तपासतो आहोत. वांग्याचं बी पेरायच्या आधी तू वीस बिया मोजून ओल्या फडक्यात गुंडाळायचीस आणि आठवड्यानं उघडून कोंब मोजायचीस ना, मी तेच करते असं समज. फक्त मी बियांपेक्षा फडक्यावर जास्त संशय घेते.

तपासणी दोन तऱ्हांनी चुकते. धडधाकट लेकराला आजारी म्हणते, नाहीतर आजारी लेकराला धडधाकट म्हणते. दुसरी चूक जीवावरची, हे कुणालाही कळतं. पण पहिलीही साधी नाही. ओली बाळंतीण घरी गेलेली, आणि दवाखान्यातून फोन येतो, लेकराला परत घेऊन या, रक्त पुन्हा घ्यायचं आहे. त्या घरात त्या दिवशी चूल पेटते का नाही कोण जाणे. आणि असे खोटे फोन चारदा गेले, की पाचव्या खऱ्या फोनला कोणी विचारत नाही. ना घरचे, ना आम्ही. आम्हीसुद्धा, हे लक्षात ठेव.

एप्रिल सरला आणि अकोल्याची कार्डं बिघडली. एका आजाराचे इशारे ढिगानं यायला लागले. रक्तात एक घटक असतो, तो बायोटिन नावाचं जीवनसत्त्व अंगात पुन्हा पुन्हा वापरायला मदत करतो. काही लेकरांमध्ये तो जन्मतःच नसतो. कार्डावर तो कमी दिसला की इशारा. अमरावतीच्या कार्डांवर सगळं ठीक, अकोल्याच्या कार्डांवर जो तो कमी. लेकरांना परत बोलावून ताजं रक्त घेतलं की ठणठणीत. यंत्र तेच, रसायनं तीच, तपासणारे आम्हीच. मी आधी गाडीत कार्डं तापतात म्हणून पाकिटं बदलली. काही फरक नाही. मग एके दिवशी सकाळी बस पकडली आणि न सांगता अकोल्याला जाऊन उभी राहिले.

बाळंतिणींच्या खोलीत शिरले आणि हसूच आलं मला. खिडकीत भला मोठा कूलर, त्याच्यासमोर स्टूल, स्टुलावर स्टीलचा ट्रे, आणि ट्रेमध्ये माझी कार्डं ओळीनं, वाऱ्यावर फडफडू नयेत म्हणून कडेला कात्रीनं दाबलेली. इतकी निगा! तिथली सिस्टर माझ्यापेक्षा दोनचार वर्षांनी मोठी असेल. लेकराच्या तळपायाची काजळाची तीट आधी पुसून, टाच हातात धरून ऊब देऊन, मगच टोचणारी बाई. तिचे थेंब आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या कार्डांमध्ये सुबक असतात. ती कौतुकानं म्हणाली, "पाहा मॅडम, एका घंट्यात खणखणीत वाळते." कूलरचा वारा ओला असतो गं. ओल आणि उष्मा एकत्र आले की तो रक्तातला घटक मरतो. लेकरं चांगली होती, कार्डं मारली जात होती.

कोडं सुटलं म्हणून मला किती आनंद व्हायला हवा होता! झालाही, पण तो बाहेर पडताना तुझ्या आवाजात पडला. एरवी मी शुद्ध बोलते, आमच्या मेडिकल कॉलेजात तर पुण्याच्या लोकांनाही उणं काढता येत नाही. राग आला की मात्र थेट तुझ्या भाजीच्या दुकानावरून बोलायला लागते. भरल्या खोलीत, सहा बाळंतिणी आणि त्यांच्या सासवा-आया ऐकत असताना मी तिला म्हटलं, "तुमाले कोनी सांगतलं कूलरपुढं ठेवाले? इतके वर्षं नोकरी केली, एवढी अक्कल नाही का? तुमच्यापायी किती मायांचा जीव टांगणीले लागला, समजते का?" तिनं कात्री उचलली, ट्रे उचलला आणि आतल्या टेबलावर नेऊन ठेवला. भिंतीवर कार्डं वाळवायच्या सूचनांचा कागद चिकटवलेला होता. ऊन लागू देऊ नका, चुलीजवळ, हीटरजवळ ठेवू नका, असं सगळं त्यात होतं. कूलरचं नाव नव्हतं. तो कागद मी लिहिला होता, डिसेंबरात, अंगात स्वेटर घालून. वऱ्हाडात जन्मलेली, वऱ्हाडातच वाढलेली बाई वऱ्हाडातल्या दवाखान्यासाठी सूचना लिहिते आणि मे महिना विसरते. बसमध्ये बसल्यावर हे माझ्या लक्षात आलं. तिला फोन करून सांगावं असं वाटलं आणि राहून गेलं.

पुढचे दोन दिवस मात्र फार मजेत गेले. प्रयोगशाळेत कूलर आणवला. सगळ्यांनी आपापली बोटं टोचून घेतली, मीही घेतली. अर्धी कार्डं कूलरपुढे, अर्धी सावलीत टेबलावर. ज्या थेंबाच्या मालकाला मी रोज डबा खाताना पाहते, त्यालाच यंत्र आजारी म्हणत होतं, कूलरपुढच्या कार्डावरून. टेबलावरच्या कार्डावर तोच ठणठणीत. आम्ही एकमेकांना चिडवून बेजार केलं. आमचे मोठे डॉक्टर, म्हणजे हे सगळं काम ज्यांच्या देखरेखीखाली चालतं ते, खूश झाले. ते म्हणाले, अकोल्याची त्या दिवसांतली कार्डं खराब म्हणून बाजूला काढा, जी लेकरं अजून परत तपासायची राहिली आहेत त्यांना घाबरवू नका, दीड महिन्याच्या लशीला येतील तेव्हा घेऊ रक्त. मला पटलं. मीच तसं टिपण लिहिलं, मीच सही केली आणि राहिलेल्या लेकरांची यादी अकोल्याला सिस्टरकडे पाठवून दिली. यादीत शेवटचं एक कार्ड होतं, त्यातला आकडा इतरांपेक्षा खूपच खाली. मी तो पाहिला होता, माय. हे स्टुलाच्या अगदी पुढच्या टोकाला असेल, कूलरच्या तोंडाशी, असं मनाशी म्हणून मी पुढे गेले.

सात दिवसांनी दुपारी अकोल्याहून फोन आला. सिस्टर म्हणाली, रागावू नका, एक सांगायचं आहे. मग म्हणाली, "यादीतल्या शेवटच्या पोरीचं कार्ड मी कूलरपुढं ठेवलंच नव्हतं. त्या दिवशी सकाळपासून लाईन गेली होती, चार वाजता आली. कूलर बंदच होता. ते कार्ड टेबलावरच वाळलं." तिला पक्कं आठवत होतं, कारण दिवसभर लाइट नाही म्हणून तीच आळीपाळीनं एकेका लेकराला फाइलीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मी उठून त्या पंधरवड्यातल्या सगळ्या कार्डांची नोंदवही काढली. त्याच दिवशीची आणखी दोन कार्डं होती, त्याच टेबलावर वाळलेली. दोन्ही उत्तम, त्या अख्ख्या पंधरवड्यात अकोल्याहून आलेली सगळ्यात चांगली कार्डं. आणि त्यांच्यामध्ये ही पोरगी, तळाशी. माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा होता आणि आनंदाचाही होता, खोटं कशाला सांगू. दोन वर्षं आम्ही खोटे इशारे मोजत होतो आणि हा पहिला खरा वाटत होता, तोही मी स्वतःच्या सहीनं कचऱ्यात टाकलेला.

मी तिला विचारलं, यादी जाऊन सात दिवस झाले, मग तेव्हाच का नाही सांगितलं. ती म्हणाली, "तुमी त्या दिवशी बोलल्या ना. मले वाटलं, पुन्हा बोलसाल."

आता तुला एक सांगते, जे कधी सांगितलं नाही. मी नऊ वर्षांची होते, कार्तिकात कौंडण्यपूरची जत्रा होती, आणि वांग्याचं बी वाळून पुडीत भरल्याशिवाय घरातून कोणी हलायचं नाही असा तुझा हुकूम होता. बी ओसरीत फडक्यावर सावलीत पसरलेलं. मला जत्रेची घाई. मी ते लवकर वाळावं म्हणून गोठ्याच्या तापलेल्या टिनावर नेऊन पसरलं. काकूच्या पोरी नवे फ्रॉक घालून दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोर तू मला कान धरून उभी केलीस आणि जे बोललीस ते मी अजून जसंच्या तसं म्हणून दाखवू शकते. मग सगळं बी उचलून कोंबड्यांना टाकलंस. माय, मी टिनावर अर्धंच नेलं होतं. अर्धं ओसरीतच होतं, दुसऱ्या फडक्यावर, सावलीत, चांगलं. तू रागाच्या भरात दोन्ही फडकी एकत्र झटकलीस. मी तोंड उघडलं असतं तर ते वाचलं असतं. उघडलं नाही. मुद्दाम नाही उघडलं. कोंबड्या टिपत होत्या आणि मी बघत होते, आणि मला बरं वाटत होतं. त्या वर्षी आपण रोपं दुसऱ्याच्या वाफ्यातून आणली. म्हणून सिस्टरला मी पुढे काहीच विचारलं नाही, कसं विचारणार?

पोरगी शोधायची होती. कार्डावर नंबर तिच्या आईच्या सासऱ्यांचा होता. ते म्हणाले, सून माहेरी गेली, सव्वा महिन्यानं येईल. डॉक्टरांनी प्रवास करू नको सांगितलं होतं म्हणून बाळंतपण तेवढं अकोल्याला झालं, आठ दिवसांनी माहेरचे घेऊन गेले. म्हणजे दीड महिन्याची लस अकोल्याला होणार होती की माहेरी, ते देवाला ठाऊक. आम्ही अकोल्यात वाट बघत बसलो असतो. माहेर निघालं कौंडण्यपूरच्या अलीकडचं. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या बालरोग विभागातल्या डॉक्टर मुलीला घेतलं, बर्फाचा डबा घेतला आणि गाडी काढली. वाटेत ती मला म्हणाली, मॅडम, तुम्ही लग्नाला निघाल्यासारख्या दिसता. खरंच सांगते, छातीत तसंच होत होतं. खरं निघालं तर एक पोर वाचते आणि आमची तपासणी आपल्या उन्हातही खरं बोलते हे ठरतं. खोटं निघालं तर आणखी एका बाळंतिणीच्या जिवाला उगाच घोर.

घरी पोरीच्या आजीनं दारातच अडवलं. पोरगी बघा, गुटगुटीत आहे, काल पाय हलवून पाळणा हलवला, तिला कशाला टोचता, असं बरंच ऐकवलं. अगदी तुझ्यासारखी बाई, कमरेला पदर खोचलेला. डॉक्टर मुलीनं सगळं समजावलं. आजार असलाच तर पुढे झटके येतात, केस गळतात, कानावर परिणाम होतो. आणि उपाय एवढाच, एक जीवनसत्त्वाची गोळी रोज, दुधात विरघळवून. निकालाची वाट न बघता आजच सुरू करता येते, तिनं काही अपाय होत नाही. पोरीच्या आईनं एकच विचारलं, "माहं दूध चालू ठेवू ना?" ठेवा, म्हटलं, खुशाल ठेवा. तिनं डोळ्यांना पदर लावला आणि पोरगी आमच्या हातात दिली. हातातल्या शिरेतून रक्त घेताना ती पोरगी अशी रडली की गल्ली गोळा झाली. लगेच गोळीचा पहिला घोट दिला. तोंड वाकडं करून गिळला.

आणि काल निकाल. तो घटक तिच्या रक्तात जवळजवळ नाहीच. कार्ड खरं बोललं होतं. आकडा कमी होता तो कूलरमुळे नव्हता, पोरीमुळे होता. आता कळलं का मी टाळ्या का वाजवल्या? आजार निघाला म्हणून नाही गं. तो पोरीत आधीच होता, आम्ही पाहिला काय न पाहिला काय. आम्ही पाहिला, झटक्यांच्या आधी पाहिला. मी आजीला फोन केला. तिनं विचारलं, गोळी किती दिवस द्यायची. जन्मभर, म्हटलं. मग म्हणाली, "जन्मभर तं जन्मभर. मले बीपीची चालते, हिले ही चालंल." मी इतकी हसले की तीही हसायला लागली.

सूचनांचा कागद नवा लिहिला आहे. कूलरचं नाव सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, आणि लाईन कधी गेली कधी आली याची नोंद ठेवायला एक रकाना. तो रकाना बघून मोठे डॉक्टर म्हणाले की असं काही कुठल्याच पुस्तकात सापडणार नाही. पुढच्या महिन्यात इतर जिल्ह्यांतले लोक येणार आहेत, त्यांच्यासमोर हे सगळं मी मांडायचं आहे. काल संध्याकाळी अहवालाचा तेवढा भाग लिहून पूर्णही केला. त्यात एक वाक्य आहे. "वीजपुरवठ्याची माहिती पडताळून पाहता असे लक्षात आले की सदर कार्ड कूलरसमोर वाळवलेले नव्हते." लक्षात आले. कुणाच्या, ते नाही. वाचणाऱ्याला माझ्याच वाटेल, आणि लिहिताना मला ते बरं वाटलं.

आज सुटी आहे. सकाळपासून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून मी तुला हे लिहिते आहे. हे पत्र कुठे टाकायचं असा प्रश्न नाही, तुझा पत्ताच नाही. तुझ्यासारखं बोलायला मला येतं, माय, भरल्या खोलीत येतं. चुकलं म्हणायला येत नाही, ते तुलाही येत नव्हतं. सिस्टर अकोल्याला आहे, आज तिलाही सुटी असेल, आणि तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. पोरीचं कार्ड खरं निघालं हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.